गूढ शब्दसूत्रं: सोडवा, फोड करा आणि हवं तर भांडा

अनुस्वार

पेपरातलं नेहमीचं शब्दकोडं आपण सगळेच सोडवतो. 'पाणी, तीन अक्षरी' असं असेल तर 'सलिल' लिहायचं की 'उदक', हे आडव्या-उभ्या शब्दांची अक्षरं जुळल्याशिवाय कळत नाही. गूढ सूत्राचं (इंग्रजीत 'क्रिप्टिक क्लू') तसं नसतं. त्यात एकाच उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात आणि दोन्ही एकाच घरी पोचल्या की उत्तर बरोबर आहे हे तुमचं तुम्हालाच कळतं. चौकट लागतच नाही.

रचना अशी. सूत्राच्या एका टोकाला उत्तराची व्याख्या असते, सुरुवातीला नाहीतर शेवटी. मध्ये कधीच नाही. उरलेल्या शब्दांत करामत: अक्षरं उलटी करा, ढवळा, एकात दुसरं घाला, काढून टाका, दडलेलं शोधा. कोणती करामत करायची ते सांगणारा एक इशारा असतो. कंसात अक्षरसंख्या. जोडाक्षराला एकच घर, म्हणजे 'लक्ष्मी' दोन अक्षरी.

एक सोडवून दाखवतो.

*नेहमी उलट वागणारा नोकर (२)*

व्याख्या 'नोकर'. 'नेहमी' म्हणजे सदा. 'उलट वागणारा' हा इशारा. सदा उलटं केलं, दास. वाचताना डोळ्यासमोर एखादा तिरसट शिपाई आला असेल तर सूत्राने आपलं काम चोख केलं. त्या शिपायाला हाकलल्याशिवाय उत्तर येत नाही.

आता तुमच्यासाठी:

१. चवताळलेली मगर, तापलेली (३)
२. अनेक मलमांत दडलेलं फूल (३)
३. चतुर्थीचा प्रत्यय, मग डाळ, मराठवाड्यात (३)
४. दुसऱ्या तुकडीतले उद्योगपती वड्यात (३)
५. सारख्याच्या आत तबल्याचा बोल, म्हणून तृप्ती (४)
६. पोट काढलं तरी कावळा असतो असाच (२)
७. सरकत सरकत केलेला व्यायाम (४)

नुसतं उत्तर नको, फोड हवी. 'अंदाजाने लिहिलं' चालणार नाही.

ठाणेकर

१. गरम. मगर ढवळली. चवताळलेली हा इशारा.
२. कमल. अनेक मलमांत. हे भारी आहे, दोन शब्दांच्या सांध्यात दडवलंय. माझं आधी गुलाब, मोगरा, तेरडा सगळं आठवून झालं.
६. काळा. का-व-ळा, मधला व काढला. आणि उरलेलं वाक्यच व्याख्या आहे! कावळा असतो असाच. क्या बात है.

४ वर अडलोय. टाटा, बिर्ला, किर्लोस्कर असं डोक्यात फिरतंय.

शेवंती

ठाणेकर, टाटांपाशीच थांबायचं होतंत. अ तुकडी, ब तुकडी. ब + टाटा = बटाटा.

पण अनुस्वार, 'वड्यात' ही व्याख्या ढिली आहे हं. वड्यात मिरचीही असते. 'वड्यातला' हवं होतं.

७. कसरत. स-र-क-त ही अक्षरं सरकवली. पहिलं 'सरकत' कच्चा माल आणि दुसरं इशारा, की उलट?

अनुस्वार

कसंही घ्या, हिशोब जुळतो. म्हणूनच ते सूत्र मला आवडतं.

'वड्यात'बद्दल: तक्रार ऐकली, पण 'वड्यातला उद्योगपती' झालं असतं तर पहिल्या नजरेत पकडलं गेलं असतं. थोडी सूट मी स्वतःला देतो.

खडूफळा

३. लातूर. 'ला' हा चतुर्थीचा प्रत्यय (स, ला, ते, द्वितीयेचाही तोच) आणि तूर ही डाळ. लातूरच्या बाजारात तुरीचा आणि डाळींचा मोठा व्यवहार चालतो, त्यामुळे हे सूत्र दुहेरी बसले आहे. चतुर्थीचा उपास सोडून वरणभात खाणारे कोणीतरी डोळ्यासमोर येते, हेही छान.

५. समाधान. समान म्हणजे सारखा. त्याच्या पोटात 'धा' घातला. स-मा-(धा)-न.

या खेळाला परके समजू नये. 'काव्यादर्श' या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथाच्या तिसऱ्या परिच्छेदात दंडीने प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, सोळा प्रकार दिले आहेत. आणि कूटश्लोक तर आमच्या पिढीने शाळेत पाठ केले. 'केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः'. केशव पडलेला पाहून द्रोणांना आनंद झाला, असे वरवर दिसते. फोड करा: के शवं. 'क' म्हणजे पाणी, त्याची सप्तमी 'के'. पाण्यात पडलेले प्रेत पाहून द्रोण, म्हणजे डोमकावळा, हर्षला. पुढच्या ओळीत रडणारे कौरव म्हणजे कोल्हे, कारण प्रेत पाण्यात गेल्याने त्यांचे जेवण बुडाले. पाठभेद बरेच आहेत, पण युक्ती हीच. अनुस्वार ज्याला 'शिपायाला हाकलणे' म्हणतात ते इथे महाभारताला हाकलणे आहे.

ठाणेकर

खडूफळा बाई, दंडवत. 'द्रोण' म्हणजे कावळा हे ठाऊक नसेल तर मात्र जन्मात सुटणार नाही.

खडूफळा

खरे आहे. तिथे शब्दसंग्रहाची परीक्षा होती. इथे साध्या शब्दांवर भागते, हा या खेळाचा मोठेपणा.

वाकडीवाट

सगळे गोड गोड बोलताय, म्हणून मी एक टाकतो.

*बिथरलेला नवरा म्हणजे माकड (३)*

शेवंती

वानर! हे मी फ्रिजवर चिकटवणार आहे.

अनुस्वार

सूत्र म्हणून हसलो, पण मान्य नाही. नवरा म्हणजे न, व, रा. वानर म्हणजे वा, न, र. तुम्ही र चा काना काढून व ला दिलात. 'बिथरलेला' याने अक्षरं इकडची तिकडे होतात, अक्षराचे तुकडे होत नाहीत.

वाकडीवाट

का नाही? वर्ण मोजा. न् अ व् अ र् आ. दुसरीकडे व् आ न् अ र् अ. तीन व्यंजनं, दोन अ, एक आ. दोन्हीकडे तेच. शाळेत वर्णविग्रह करायला लावतात तो काय उगाच?

अनुस्वार

शाळेत करा. शब्दकोड्याच्या घरात एक अक्षर बसतं, त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसकट. घरात 'रा' आला तर तो 'रा' म्हणूनच आडव्या शब्दातही बसला पाहिजे. जे एकक घरात बसतं तेच करामतीचं एकक. नाहीतर उद्या कोणी 'क्ष' फोडून क् आणि ष् दोन वेगळ्या शब्दांना वाटेल.

खडूफळा

वाकडीवाट यांच्या बाजूने एक साक्षीदार आणते. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचले, ज्यात ओष्ठ्य, म्हणजे ओठांनी उच्चारायचे, वर्ण येऊ दिले नाहीत. प-वर्ग तर नाहीच, पण उकारही ओष्ठ्य. म्हणजे 'कु' लिहिताना पंत क नव्हे, उ पाहत होते. त्यांचे एकक वर्ण होते.

अनुस्वार

पंतांना चौकटी भरायच्या नव्हत्या.

वाकडीवाट

आम्हालाही नाहीत! तुम्हीच वर लिहिलंय, 'चौकट लागतच नाही'. :)

लंडनकर

इथल्या धुमश्चक्रीत पडतो. मी इकडे बरीच वर्षं इंग्रजी कोडी सोडवतोय, तिथेही हे भांडण वेगळ्या रूपात आहे. १९२६ मध्ये ऑब्झर्व्हर या वृत्तपत्रात टॉर्केमाडाने (एडवर्ड पॉइस मॅथर्स, टोपणनाव स्पेनच्या कुख्यात धर्मन्यायाधीशाचं) कोडी सुरू केली, तेव्हा नियम असे फारसे नव्हतेच. सूत्रकाराच्या मनात आलं ते खरं. पुढे ॲफ्रिट नावाच्या सूत्रकाराने १९४९ च्या पुस्तकात एक नियम घालून दिला, तो आजही सगळे सांगतात: सूत्रकाराने जे म्हटलं ते त्याला अभिप्रेत असायलाच हवं असं नाही, पण जे अभिप्रेत आहे ते त्याने म्हटलेलं मात्र असायलाच हवं. टॉर्केमाडाची गादी चालवणाऱ्या झिमेनीसने १९६६ मध्ये सगळ्या नियमांचं पुस्तकच लिहिलं. त्याचा वारस अझेड, त्याने सार काढलं: नेमकी व्याख्या, प्रामाणिक करामत आणि तिसरं काहीही नाही.

हा निकष लावा. 'बिथरलेला नवरा' एवढंच म्हटलंय. काना सुटून दुसऱ्याकडे गेला हे अभिप्रेत आहे, पण म्हटलेलं नाही. म्हणून मी अनुस्वारच्या बाजूने.

वाकडीवाट

मग म्हणतो.

*काना निसटला, नवरा बिथरला, झालं माकड (३)*

लंडनकर

आता एकही तक्रार नाही. पहिल्यापेक्षा हेच चांगलं वाटतं, खरं सांगू का? 'काना' वाचून कानाखाली वाजवल्याचा भास होतो.

अनुस्वार

हे चालेल. वर्ण मोकळे सोडायचे असतील तर सूत्रात तसं सांगा. न सांगता सोडलेले वर्ण बाद.

रानवाट

मला शब्दकोड्यातलं काही कळत नाही, पण वानर म्हणजे माकड नव्हे. वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं लंगूर. माकड म्हणजे लाल तोंडाचं, घाटात गाडीवर उडी मारून वेफर्स पळवणारं. सह्याद्रीत फिरणारा कोणीही सांगेल.

शेवंती

नवऱ्याला दोन्ही चालेल हो.

अनुस्वार

रानवाट यांचा मुद्दा विनोदात घालवू नका. व्याख्या किती नेमकी हवी, हा प्रश्न आहेच. माझ्या मते बोलीभाषेत जे चालतं ते व्याख्येत चालावं. प्राणिशास्त्राच्या पेपराला बसलेलो नाही आपण.

पण मला एका वेगळ्या गोष्टीवर बोलायचंय, कारण तिच्यावर इंग्रजी नियमपुस्तकांतून काही मिळत नाही. विभक्ती. इंग्रजी शब्द वाक्यात कुठेही टाका, त्याचं रूप बहुतेक वेळा तेच राहतं. मागेपुढे चिल्लर शब्द लागतात इतकंच. मराठीत प्रत्यय लागायच्या आधीच शब्द वाकतो. कावळा, पण कावळ्याचं. दगड, पण दगडाला. नवरा, पण नवऱ्याने. म्हणजे जो शब्द मी कच्चा माल म्हणून ठेवतो तो वाक्यात जसाच्या तसा राहिला पाहिजे, नाहीतर सोडवणाऱ्याला आधी प्रत्यय सोलून मूळ शब्द काढावा लागतो.

वरची सूत्रं परत बघा. सहाव्यात 'कावळ्याचं पोट काढलं' असं लिहिणं जास्त सहज होतं. मी मुद्दाम 'पोट काढलं तरी कावळा' असं लिहिलं, कारण 'कावळ्या'मधून 'काळा' निघत नाही. 'नेहमी' अव्यय, ते वाकतच नाही, म्हणून दासाचं सूत्र इतकं सरळ बसलं. 'मलमांत'मध्ये सामान्यरूप झालंय, पण कमल 'मल'पाशीच संपतं, मां पर्यंत जातच नाही. अव्ययं, प्रथमेतली नामं आणि सांध्यात दडवलेले शब्द: मराठीत सूत्र बांधायला हीच सोयीची जागा आहे.

खडूफळा

उत्तम. याला जोडून: ऱ्हस्व-दीर्घ. मी एक करून पाहिले.

*उलट्या वाहणाऱ्या नदीमुळे गरीब (२)*

दीन. 'नदी'ला 'मुळे' लागले तरी ती वाकली नाही. ईकारान्त स्त्रीलिंगी तत्सम शब्दांचा हा फायदा आहे. आता हेच कोणी 'उलटी नदी, एक दिवस' असे केले तर उत्तर 'दिन' हवे, आणि नदी उलटून येतो 'दीन'. कानाला एकच, कागदावर दोन. मी ते बाद करीन.

ठाणेकर

म्हणजे आवाजावर चालणारी सूत्रं मराठीत जवळपास होणारच नाहीत? इंग्रजीत 'ऐकलं म्हणे' असा इशारा देऊन सारख्या उच्चाराचे शब्द फिरवतात ना?

लंडनकर

इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चाराचं कायमच भांडण, म्हणून त्यांना ती खाण सापडली. आपल्याकडे दिन-दीन, सुत-सूत, पाणि-पाणी अशा जोड्या मिळतील. पाणि म्हणजे हात. 'हात ऐकला तर पिता येतो' असलं काहीतरी.

आपल्याला मात्र एक गोष्ट फुकट मिळालीय: देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत. इंग्रजी सूत्रकाराला विशेषनाम दडवायचं असलं की ते वाक्याच्या सुरुवातीला आणावं लागतं, म्हणजे मोठं अक्षर संशयास्पद वाटत नाही. आपल्याकडे आशा, उषा, तारा, वसंत, प्रकाश वाक्यात कुठेही ठेवा. माणूस की वस्तू, कळत नाही.

शेवंती

थांबा, यावरून:

*लता मागे वळली, ठेका मिळाला (२)*

आणि हेही घ्या:

*पैसा ताराबाईंकडचा थोडासा, कंदी पेढ्यांच्या गावात (३)*

ठाणेकर

दुसरं: पैसा ताराबाईं. सातारा. 'थोडासा' म्हणजे मजकुराचा थोडासा भाग घ्या. पहिलं: लता उलटी, ताल.

तिहाई

ताल म्हणजे ठेका नव्हे. ताल ही मात्रांची रचना: किती मात्रा, किती खंड, टाळी कुठे, खाली कुठे. ठेका म्हणजे तो ताल तबल्यावर दाखवणारे ठरलेले बोल. त्रितालाच्या सोळा मात्रा हा ताल. 'धा धिं धिं धा' हा त्याचा ठेका. सूत्र बाद.

शेवंती

अहो, गणपतीच्या मिरवणुकीत लोक 'ठेका धरतात' म्हणजे काय सोळा मात्रा मोजतात?

तिहाई

ते काय करतात ते मिरवणुकीतल्यांना विचारा. व्याख्या 'नेमकी' हवी असं वर लंडनकरांनी लिहिलंय.

अनुस्वार

आणि मी लिहिलंय बोलीभाषेत चालतं ते चालावं. माकड आत आलं तर ठेकाही येईल.

तिहाई

माकडावरही माझा आक्षेप होता, बोललो नव्हतो इतकंच.

नवशिका

सगळं वाचलं. उत्तर कळल्यावर फोड कळते, पण कोऱ्या सूत्राकडे बघून काहीच सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

शेवंती

दोन्ही टोकांचे शब्द सुटे करून बघायचे. त्यातलं एक टोक व्याख्या आहे हे नक्की. मग उरलेल्यात इशारा शोधायचा. 'फुटलेला, बिथरलेला, विस्कटलेला' दिसलं की शेजारच्या शब्दाची अक्षरं मोजायची. कंसातल्या आकड्याशी जुळली की अर्धं काम झालं. 'परत, मागे, उलट' म्हणजे उलटायचं. 'आत, पोटात' म्हणजे घालायचं. 'थोडासा, दडलेला' म्हणजे शोधायचं. आणि स्वल्पविरामावर विश्वास ठेवायचा नाही, तो फसवायलाच असतो.

हे करून बघ: *फुटलेला दगड दाट रंगाचा (३)*

नवशिका

द, ग, ड... गडद?

शेवंती

शाब्बास. फोड?

नवशिका

दगड फोडला. व्याख्या 'दाट रंगाचा'. अक्षरं तीन. अरेच्चा.

अनुस्वार

आता हे. यात व्याख्या वेगळी काढताच येणार नाही, घाबरू नका.

*का लढाई? याचं उत्तर (३)*

नवशिका

लढाई म्हणजे युद्ध... रण. का + रण. कारण! आणि 'का' या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच कारण. पण 'का' तर दोनदा वापरला गेला?

अनुस्वार

दोनदाच. करामतीतही तो आहे आणि व्याख्येतही. सगळं वाक्य दोन्हीकडे कामाला लागतं तेव्हा सूत्रकाराला आपल्या पाठीवर थाप मारावीशी वाटते. कावळ्याचं सूत्र जवळजवळ तसंच होतं.

वाकडीवाट

मग त्याचाच मोठा भाऊ घ्या. गेले काही दिवस बाळगून होतो.

*म्हातारपणी परत का लढाई? (५)*

ठाणेकर

शेवट कारण. पाच अक्षरं, म्हणजे पुढे दोन. म्हातारपण... वय... जरा! परत, म्हणजे राज. राज-का-रण. राजकारण!! आणि व्याख्या कुठेय? सगळं वाक्यच. महाराष्ट्रातल्या कुठल्याही निवडणुकीचा अर्ज भरायचा दिवस आठवला.

शेवंती

पक्षाचं नाव घेऊ नका, धागा उडेल.

खडूफळा

फार सुंदर. 'जरा' चा 'थोडे' हा अर्थ मनात येतो, तो जिभेवर वेगळा येतो. म्हातारपणाच्या 'जरा'तला ज तालव्य ('जय'मधला). लिहिताना दोन्ही एकच, म्हणून सूत्राला बाधा नाही. हाच शब्द आवाजाच्या सूत्रात घातला असता तर मी हात वर केला असता.

तिहाई

आक्षेप. 'म्हातारपणी' सप्तमी आहे. जरा प्रथमा. नेमकं हवं तर 'म्हातारपण परत, का लढाई?'

वाकडीवाट

तसं लिहून बघितलं होतं. नियमात बसतं आणि वाक्य मरतं. आजोबा परत अर्ज भरतायत हे दिसेनासं होतं.

अनुस्वार

इथे मी स्वतःच्याच विभक्तीच्या नियमाविरुद्ध मत देतोय. 'जरा' हा शब्द वाक्यात लिहिलेलाच नाही, तो सोडवणाऱ्याने अर्थावरून काढायचा आहे. लिहिलेला कच्चा माल वाकता कामा नये. अर्थावरून काढायच्या शब्दाला एका प्रत्ययाची सूट. कावळा लिहिलाय, तो सरळच हवा. म्हातारपण नुसतं सुचवलंय, त्याला 'णी' चालेल.

लंडनकर

झिमेनीस असता तर नाही म्हणाला असता. अराउकारिया असता तर हो म्हणाला असता. गार्डियनमधला हा पाद्री नियमांना वाकवायचा आणि वाचक त्याच्यावर जीव टाकायचे. २०१३ मध्ये स्वतःला कॅन्सर झाल्याची बातमीसुद्धा त्याने कोड्यातूनच दिली होती. मी आज अराउकारियाच्या बाजूने.

तिहाई

मी झिमेनीसच्या.

ठाणेकर

तिहाईसाहेब, तुमच्यासाठी खास, नेमकेपणा सांभाळून:

*फणसातला काढून उलटा केला मालकंस, उदाहरणार्थ (२)*

तिहाई

राग. गरा उलटा. 'उदाहरणार्थ' लिहिलंत म्हणून सुटलात. मालकंस हा राग आहे, पण राग म्हणजे मालकंस नव्हे. हे सूत्र मान्य.

माझं घ्या: *पहिल्या सुरामागे गाढव, चहात पडते ती (३)*

नवशिका

साखर! सा + खर. खर म्हणजे गाढव, हे आजीच्या तोंडून ऐकलंय.

तिहाई

बरोबर. पुढचं सूत्र तुम्ही घाला.